गणिती तराजू: बरोबरचे चिन्ह डोळ्यांनी पाहताना

मुलीसाठी मागवलेल्या या प्लॅस्टिकच्या तराजूच्या दांडीवर मध्यापासून दोन्ही बाजूंना 1 ते 10 अशा खुंट्या असून, त्यांवर सारख्या वजनाच्या चकत्या अडकवायच्या असतात. डावीकडे 6 वर दोन चकत्या असताना उजवीकडे 4 वर तीन लावल्या की दांडी आडवी स्थिरावते. दोन्हीकडे गुणाकार 12 होतो, आणि बरोबरचे चिन्ह म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ अशी आज्ञा नव्हे, हे पाढे घोकलेल्या मुलांना प्रथमच दिसते. बागेतील सीसॉवर जड मुलाला मध्याकडे का सरकावे लागते, हा प्रश्न आमच्याकडे त्यानंतरच निघाला. भागाकारासाठी मात्र हे साधन तोकडे पडते. चकत्या फारच हलक्या आहेत, त्यामुळे पंख्याखाली दांडी डुलत राहते (मुलांना तेवढेच निमित्त!). सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी जरूर घ्यावा.