जादा मीटर बसवून दिले, एअरबॅग मात्र निकामी करून ठेवली

आमच्या चारचाकीत तीन जादा मीटर बसवताना जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कार डेकोरवाल्याने चालकाच्या बाजूच्या एअरबॅगची वायर तोडली, ती तुटल्याचे सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा लबाडीने विझवला आणि तो विझलेला दिवा दाखवूनच आमच्याकडून कामाचे पूर्ण पैसे घेतले. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. परंतु असे काम करणारे ते एकच दुकान असेल असे मला वाटत नाही, म्हणून जे घडले ते शक्य तितक्या तपशिलाने मांडत आहे.

मीटर बसवण्याची गरज का पडली, ते आधी सांगितले पाहिजे. कारंजा (घाडगे) तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे आणि नागपूरच्या कळमना बाजारापर्यंत वर्षभर ये-जा असते. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि हल्लीच्या अनेक गाड्यांप्रमाणे आमच्याही गाडीत इंजिनाचे तापमान दाखवणारा काटा नाही. पाणी थंड असताना निळा आणि फार तापल्यावर लाल असा एक दिवा तेवढा आहे. कोंढाळीजवळ रेडिएटरचा पाइप फुटला तेव्हा तो लाल दिवा लागेपर्यंत बॉनेटमधून वाफ निघू लागली होती. त्यानंतर तापमान, इंजिनात जादा हवा भरणाऱ्या टर्बोचा दाब आणि बॅटरीचे व्होल्टेज दाखवणारे, 52 मिलिमीटर व्यासाचे सर्वत्र मिळणारे मीटर लावायचे ठरवले. त्यात हौसेपेक्षा गरज जास्त होती.

दुकानात शिरताच दुकानदाराने तीन मीटर एकाखाली एक बसतील असे तयार खोके दाखवले. ते पुढच्या काचेशेजारच्या खांबावर, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला ए-पिलर म्हणतात त्यावर, बसवायचे होते. त्या खांबाच्या प्लास्टिकवर एअरबॅग असे इंग्रजीत कोरलेले आहे, ते मी त्याला बोट ठेवून दाखवले आणि येथे भोके कशी पाडणार, असे विचारले. त्याचे उत्तर तयारच होते. "भाऊ, एअरबॅग वर छतात असते जी. खांबात नुसतं प्लास्टिक आहे. रोज दोन-चार गाड्या करून राहिलो आपण." गाडी दिवसभर ठेवून जा, काम करताना गिऱ्हाईक उभे राहिले की पोरांचे हात चालत नाहीत, असेही त्याने सांगितले. संध्याकाळी गाडी घेताना मी एअरबॅगचा विषय पुन्हा काढला, तेव्हा त्याने चावी फिरवली, दिवा काही सेकंद लागून विझला, आणि तो म्हणाला, "लाइट बंद झाला ना? मंग एअरबॅग चालूच आहे." साडेअठरा हजार रुपये यूपीआयने दिले. बिल मागितले तर छापील पावतीपुस्तक संपल्याचे सांगून त्याने एका कोऱ्या चिठ्ठीवर "मीटर फिटिंगसह" एवढेच लिहून दिले.

त्याने सांगितले त्यात अर्धे खरे होते, आणि लबाडी त्या अर्ध्या खऱ्याच्या आडूनच झाली. बाजूची पडद्यासारखी एअरबॅग मुख्यतः छताच्या कडेला घडी करून ठेवलेली असते हे बरोबर आहे. पण तिचे पुढचे टोक एका पट्ट्याने ए-पिलरला जोडलेले असते आणि उघडताना ती याच खांबापासून मागच्या खिडकीपर्यंत ताणली जाते. आमच्या गाडीत तिची वायरही ए-पिलरमधून वर चढते; सगळ्या गाड्यांत तसे असते असे नाही, आणि म्हणूनच "रोज दोन-चार गाड्या करतो" या उत्तराला अर्थ नव्हता. पुढून धडक बसली तर चालक आणि स्टिअरिंग यांच्यात थोडे तरी अंतर असते, बाजूने बसली तर खांदा आणि दार यांच्यात वीतभरही नसते. त्यामुळे ही एअरबॅग पापणी लवण्याच्या आत पूर्ण फुगावी लागते. त्या वेळी खांबावरचे प्लास्टिक ठरलेल्या जागी सुटते आणि ते उडून तोंडावर येऊ नये म्हणून कंपनीने त्याला आतून एक छोटी दोरी किंवा विशेष क्लिप दिलेली असते. त्या जागी स्क्रूने घट्ट आवळलेले तीन मीटरचे खोके असेल तर एक तर एअरबॅग अडते, नाही तर ते खोके गोफणीतल्या दगडासारखे चालकाच्या डोक्याकडे येते.

दुकानदाराचे बिंग अपघातातून फुटले नाही, हे आमचे नशीब. पावसाळा लागल्यावर व्होल्टमीटर मधूनच शून्यावर येऊ लागला आणि खराब रस्त्यावर तापमानाचा काटा उड्या मारू लागला, म्हणून गाडी कारंज्यातल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे नेली. त्याने खोके थोडे सैल करून आत टॉर्च मारला आणि लगेच हात मागे घेतला. आत पिवळ्या वेष्टनाची वायर होती, आणि तिच्या पिवळ्या कनेक्टरजवळ काळ्या टेपच्या गुंडाळीतून तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा, रंगीत पट्ट्यांचा एक रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारा भाग, डोकावत होता. त्याने त्याला हात लावला नाही, मीटरची फ्यूज काढून ठेवली आणि म्हणाला, "भाऊ, हे आपलं काम नाही जी. मल्टिमीटरही नाही लावत मी याले. कंपनीत न्या." शिकलेला माणूस कोणता आणि दुकान थाटलेला कोणता, हे मला त्या दोन-तीन वाक्यांत कळले. एअरबॅगचा स्फोटक भाग अगदी थोड्या विजेवर पेटतो, त्यामुळे साध्या मल्टिमीटरने, म्हणजे विजेच्या मोजमापाच्या यंत्राने, त्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) मोजायला जाणे धोक्याचे असते, ही गोष्ट त्याला ठाऊक होती.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये आधी बॅटरीची तार सोडली आणि काही मिनिटे नुसते थांबले, कारण धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून तिच्या नियंत्रकात, म्हणजे ती कधी उघडायची ते ठरवणाऱ्या पेटीत, थोडी वीज साठवलेली असते आणि ती उतरू द्यावी लागते. मग माझ्यासमोर खोके काढले. कंपनीचे मूळ प्लास्टिक कटरने कापले होते, त्याची दोरी तोडून टाकली होती, छताच्या अस्तराचे टोक सिलिकॉनने चिकटवले होते आणि खोक्याच्या तीन स्क्रूंपैकी मधल्या स्क्रूचे टोक पिवळे वेष्टन फाडून वायरीतून आरपार गेले होते. वरच्या स्क्रूचा ओरखडा एअरबॅगच्या पुढच्या पट्ट्यावर होता.

तरीही दिवा का लागत नव्हता, हे तिथल्या तंत्रज्ञाने समजावून सांगितले. गाडी सुरू करताना नियंत्रक प्रत्येक एअरबॅगच्या वायरीतून अगदी क्षीण वीज सोडून तिचा रोध तपासतो. हा रोध साधारण दोन-तीन ओहम असतो. वायर तुटली की तो आकडा बिघडतो आणि दिवा लागतो. आमच्याकडे स्क्रू घुसताच तो लागला असणार. तेव्हा दुकानदाराने फोन करून चूक सांगण्याऐवजी एअरबॅगच्या जागी तेवढ्याच रोधाचा काही रुपयांचा रेझिस्टर जोडला आणि नियंत्रकातील नोंद पुसून टाकली. नियंत्रकाच्या लेखी सर्व ठीक होते. वर्कशॉपच्या, नियंत्रकातील नोंदी वाचणाऱ्या स्कॅनरनेही सुरुवातीला कोणतीच तक्रार दाखवली नाही. चूक कोणाच्याही हातून होते आणि वायर तुटली हे मी एक वेळ समजून घेतले असते, पण हा रेझिस्टर चुकून बसत नाही. तो शोधावा लागतो, कापून बसवावा लागतो आणि टेपखाली लपवावा लागतो.

याहून सोपी युक्ती म्हणजे एअरबॅगच्या दिव्याची वायर शेजारच्या दुसऱ्या दिव्याला जोडणे किंवा तो दिवाच बंद करणे. जुन्या गाड्या विकताना हा प्रकार होतो. म्हणून चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागतच नसेल तरी ते लक्षणही वाईटच आहे. तो स्वतंत्रपणे लागून, साधारण सहा-सात सेकंदांनी, आपला आपण विझायला हवा. आमच्या बाबतीत तर तोही अगदी नियमाप्रमाणे विझत होता. तेव्हा दिव्यावर आणि स्कॅनरवर न थांबता उघडलेल्या खांबात स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे, निदान काम सुरू असताना तिथे उभे राहणे, याला पर्याय नाही. गिऱ्हाईक उभे राहिले तर चालणार नाही असे जो म्हणतो, त्याच्याकडून चावी परत घ्यावी.

हा धोका आता गावोगावी आला आहे. 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांत चालकापुढची एअरबॅग सक्तीची झाली, 2022 पासून शेजारच्या सीटपुढचीही. आपल्या नागपूरचेच खासदार असलेल्या नितीन गडकरी यांच्या खात्याने जानेवारी 2022 मध्ये सहा एअरबॅगचा मसुदाही काढला होता. पुढे ती सक्ती झाली नाही, तरी कंपन्या त्या देऊ लागल्या आहेत. गाड्या बदलल्या, पण डेकोरच्या अनेक दुकानांतली कामाची पद्धत एअरबॅग नव्हत्या तेव्हाचीच राहिली आहे. सीटमध्ये एअरबॅग असलेल्या गाडीला ते सरसकट जाड कव्हर शिवून देतात, आणि शेजारच्या सीटपुढच्या डॅशबोर्डवर गजानन महाराजांची धातूची मूर्ती नेमकी एअरबॅगच्या झाकणावर चिकटवून देतात. श्रद्धा माझीही आहे, पण ते झाकण वर उघडते तेव्हा त्यावर काहीही असता कामा नये.

मग मीटर लावायचेच नाहीत का? लावता येतात, आणि आमच्या गाडीत आता ते आहेत. ए-पिलर, डॅशबोर्डची डावी बाजू, स्टिअरिंगचा मधला भाग आणि गुडघ्यासाठी एअरबॅग असल्यास स्टिअरिंगखालची पट्टी या जागा सोडल्या की बहुतेक गाड्यांत रेडिओखालचा कप्पा उरतो. आमचे मीटर तिथेच बसले. तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या वरच्या पाइपमध्ये अडॅप्टर घालून बसवला आहे. मीटरना वीज फ्यूज बॉक्समधून वेगळ्या फ्यूजवर घेतली, आणि तीही चावीबरोबर चालू-बंद होणाऱ्या साध्या जागेवरून. एअरबॅगच्या फ्यूजला किंवा पिवळ्या वेष्टनाच्या कोणत्याही वायरीला जोड दिलेला नाही. ज्यांना फक्त तापमान आणि व्होल्टेज पाहायचे आहे त्यांना बहुधा एवढेही करावे लागणार नाही, कारण बहुतेक नव्या गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे गाडीची तपासणी करण्याचे, सॉकेट असते आणि त्यात खुपसायचा छोटा डिस्प्ले काहीही न कापता हे आकडे दाखवतो. डेकोरवाला हा उपाय सहसा सुचवत नाही, कारण त्यात फिटिंगची मजुरी मिळत नाही.

दुरुस्तीचे सांगायचे तर वायरिंग, खांबाचे प्लास्टिक आणि ती एअरबॅग नवीन घालावी लागली. एअरबॅगच्या भागांची डागडुजी करत नाहीत, ते बदलतात. खर्च मीटरच्या कामाच्या कितीतरी पट झाला. दुकानदाराने आधी कंपनीवाले भीती दाखवतात असे सांगितले, मग रेझिस्टर आपण घातलाच नाही असे, आणि शेवटी मीटरचे पैसे परत देतो पण लेखी काही मागू नका असे. तोवर वर्कशॉपने खोके काढतानाचे फोटो आणि कोणते भाग का बदलले याची सहीशिक्क्याची नोंद दिली होती, तो रेझिस्टरही एका पाकिटात ठेवला होता आणि यूपीआयची नोंद फोनमध्ये होती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पावती न देणे ही स्वतंत्रपणे अनुचित व्यापारी प्रथा मानली जाते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस गेल्यावर साडेअठरा हजार खात्यात परत आले. दुरुस्तीच्या खर्चाचा आणि नुकसानभरपाईचा दावा वर्ध्याच्या जिल्हा आयोगात सुरू आहे.

दुसऱ्यांदा मीटर बसवले ते कारंज्यातल्याच त्या इलेक्ट्रिशियनने. त्याच्या छापील बिलावर वीज कोणत्या फ्यूजवरून घेतली, सेन्सर कोठे बसवला आणि एअरबॅगच्या कोणत्याही भागाला हात लावलेला नाही, हे त्याने मी न सांगताच लिहून खाली सही केली आहे.