‘स्वतंत्र सर्व्हर’ म्हणून १८ हजार घेतले, साइट होती तिथेच राहिली

हापूसच्या ऐन हंगामात देवगडच्या एका बागायतदाराची ऑर्डर घेणारी साइट रोज संध्याकाळी बंद पडू लागली. पडद्यावर कधी ५०८, कधी ५०० हा एरर. साइट बनवणारा, डोमेन घेणारा आणि होस्टिंग पुरवणारा एजंट एकच. त्याने फोनवरच निदान केलं: ‘ट्रॅफिक वाढलंय, शेअर्डला झेपत नाही, स्वतंत्र सर्व्हर घ्या, वर्षाचे १८ हजार.’ (शेअर्ड म्हणजे एकच मशीन अनेक साइट्सनी वाटून घेतलेलं होस्टिंग.) पैसे गेले. ‘सर्व्हर बदललाय, डीएनएस पसरायला ४८ तास लागतील,’ असा मेसेज आला. (डीएनएस म्हणजे साइटचं नाव कोणत्या सर्व्हरकडे जातं ते सांगणारी नोंद.) तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा ५०८.

इथेच चोरी पकडता येते, कारण ५०८ म्हणजे ‘रिसोर्स लिमिट इज रीच्ड’. एका मशीनवर शेकडो खाती कोंबताना प्रत्येक खात्याला कुंपण घालणारी क्लाउडलिनक्स ही प्रणाली जिथे असते, तिथे हा एरर दिसतो. खरोखर स्वतंत्र सर्व्हर मिळाला असता तर हे कुंपण बहुधा नसतंच, आणि असलं तरी ते हलवायची चावी, म्हणजे रूट लॉगिन, मालकाच्या हातात आली असती.

खात्री करायला पाच मिनिटं पुरतात. होस्टिंग घेतलं तेव्हाचा पहिला मेल शोधा, त्यात आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक, असतो. सीपॅनेल, म्हणजे होस्टिंग सांभाळायचं पान, उघडलं की उजवीकडच्या पट्टीत सध्याचा आयपी आणि होम डिरेक्टरी (खात्याच्या फाइल्सची जागा) दिसते. या प्रकरणात दोन्ही जसेच्या तसे होते. आयपीच बदलला नाही, तर डीएनएस पसरणार तरी काय? तोच आयपी रिव्हर्स आयपी लुकअपमध्ये, म्हणजे एका आयपीवर कोणत्या साइट्स आहेत ते दाखवणाऱ्या साधनात, टाकल्यावर अनोळखी दुकानांच्या आणि शाळांच्या साइट्सची लांबलचक यादी आली. सीपॅनेलच्या ‘रिसोर्स युसेज’मध्ये मर्यादाही जुनीच: एंट्री प्रोसेस २०, मेमरी १ जीबी.

आता मूळ दुखणं. एंट्री प्रोसेस म्हणजे एका क्षणी चालू असलेल्या पीएचपी (साइटची पानं तयार करणारी भाषा) विनंत्या. साइटवर किती माणसं आहेत त्याचा हा आकडा नव्हे, आणि फोटो किंवा सीएसएस फाइल्स त्यात धरल्या जात नाहीत. पान अर्ध्या सेकंदात तयार होत असेल तर २० प्रोसेसमध्ये सेकंदाला ४० विनंत्या निघतात. तेच पान ८ सेकंद घेत असेल तर फक्त अडीच. म्हणून ‘ट्रॅफिक वाढलंय’ ऐकलं की आधी पान किती वेळ घेतंय ते विचारा. इथे चेकआउटवर कुरिअरचा दर काढणारं एक जुनं प्लगइन (वर्डप्रेसला जोडलेला छोटा प्रोग्राम) होतं. ते प्रत्येक वेळी बाहेरच्या सर्व्हरला विचारायचं आणि उत्तराची ३० सेकंद वाट बघायचं. संध्याकाळी गिऱ्हाईक वाढलं की वीसच्या वीस जागा त्या वाट बघण्यातच अडकायच्या. चेकआउटचं पान कॅशमध्ये, म्हणजे आधीच तयार करून, ठेवता येत नाही, त्यामुळे कॅश प्लगइनचाही उपयोग नव्हता.

दुसरं कारण ‘रॉ अ‍ॅक्सेस’ लॉगमध्ये, म्हणजे साइटवर आलेल्या विनंत्यांच्या नोंदीत, सापडलं. एक्सएमएलआरपीसी डॉट पीएचपी या वर्डप्रेसच्या फाइलवर दोन-तीन आयपींवरून पासवर्ड फोडायचे प्रयत्न अखंड चालू होते आणि तेही त्याच २० जागा खात होते. ती फाइल डॉट एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरला सूचना देणाऱ्या फाइलमधून बंद केली, कुरिअरचं प्लगइन काढून विभागवार ठरावीक दर लावले आणि ५०८ गेला, जुन्याच प्लॅनवर.

५०० ची गोष्ट वेगळी. हा एरर स्वतः काहीच सांगत नाही, सांगतो तो लॉग. सीपॅनेलच्या ‘मेट्रिक्स’मधलं ‘एरर्स’ बघा आणि पब्लिक_एचटीएमएल या साइटच्या मुख्य फोल्डरमधली एरर_लॉग फाइल उघडून तिच्या शेवटच्या ओळी वाचा. ‘अलाउड मेमरी साइझ ऑफ १३४२१७७२८ बाइट्स एक्झॉस्टेड’ म्हणजे १२८ एमबीची पीएचपी मेमरी संपली. ‘मल्टीपीएचपी आयएनआय एडिटर’मध्ये २५६ करा आणि त्याच ओळीत कोणत्या प्लगइनचा पाथ आहे तेही टिपून ठेवा, कारण खादाड बहुधा तेच असतं. ‘इनव्हॅलिड कमांड पीएचपी_व्हॅल्यू’ दिसलं तर कोणीतरी मेमरी वाढवायची ओळ डॉट एचटीअ‍ॅक्सेसमध्ये घातली आहे. पीएचपी-एफपीएम पद्धतीने पीएचपी चालवणाऱ्या अपाचे या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर तेवढ्यानेच अख्खी साइट ५०० देते. एजंटाने ‘दुरुस्ती’ म्हणून नेमकी हीच ओळ घातली होती. शिवाय फोल्डरना ७७७ परवानगी, म्हणजे कोणालाही लिहिता येईल अशी. अनेक शेअर्ड सर्व्हर सुरक्षेसाठी असल्या फाइल्स चालवायलाच नकार देतात आणि पुन्हा ५०० येतो. फोल्डर ७५५, फाइल ६४४ हेच ठेवा. लॉगमध्ये काहीच उमगलं नाही तर फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कंटेंटमधल्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलून पाहा. साइट उघडली तर वर्डप्रेसचं ‘प्लगइन्स’ पान एकदा उघडा (तिथे सगळी प्लगइन बंद होतात), मग नाव पूर्ववत करून प्लगइन एकेक चालू करा, पण त्याआधी बॅकअप घ्या.

हे सगळं करायला सीपॅनेलचं लॉगिन लागतं, वर्डप्रेसचं पुरत नाही. ‘ते टेक्निकल आहे, तुम्हाला कशाला?’ म्हणणाऱ्याकडून होस्टिंग घेऊच नका. अशा एजंटांचा पुढचा डाव ‘साइट हॅक झालीय, सफाईचे ७ हजार’ हा असतो. बाधित फाइल्सचे पाथ आणि बदलाच्या तारखा मागा. खरं काम करणारा ती यादी लगेच देतो. एसएसएलचे (साइट सुरक्षित करणाऱ्या प्रमाणपत्राचे) वेगळे पैसे मागितले तर लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र फुकट मिळतं आणि बहुतेक सीपॅनेलवर ते आपोआप नवं होतं, हे ऐकवा.

पैसे परत मागताना खरी अडचण डोमेनची झाली. ते एजंटाच्या नावावर आणि एजंटाच्या ईमेलवर होतं, त्यामुळे भांडण वाढवलं तर साइटच हातची जाण्याची भीती. म्हणून क्रम असा ठेवा: आधी गोडीत ‘रजिस्ट्रंट’, म्हणजे नोंदणीकृत मालक, म्हणून आपलं नाव आणि ईमेल लावून घ्या, मग डोमेन दुसरीकडे हलवायचा ट्रान्सफर कोड मागा. डॉट कॉमसाठी नोंदणीकृत मालकाने कोड मागितल्यावर रजिस्ट्रारने (डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने) तो ५ दिवसांत द्यावा असा आयकॅन या डोमेनचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा नियम आहे. मात्र मालकाचं नाव बदलल्यावर अनेक रजिस्ट्रार ६० दिवस ट्रान्सफर अडवतात. तेवढ्यात मुदत संपत असेल तर नूतनीकरण आधी करा.

डोमेन हातात आलं की पैशाचं बोला. इनव्हॉइसवर ‘स्वतंत्र सर्व्हर’ असे शब्द, आधीच्या आणि नंतरच्या आयपीचे स्क्रीनशॉट आणि ५०८ चं पान तारखेसह जोडून लेखी मागणी करा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ‘साइट धंद्यासाठी आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं ऐकवलं जाईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर व्यापारी हेतूत मोडत नाही; सेवांचं नाव त्या खुलाशात नाही, तरी साइट आपल्या स्वयंरोजगारासाठीच आहे, हे तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा.