नऊ महिने ब्रॉडबँडवरचा टीव्ही : चित्र चांगलं, भरवसा महिन्यापुरता

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं खेडं. फायबरचा ४० एमबीपीएसचा प्लॅन, महिना ५९९ रुपये, १८ टक्के जीएसटी धरून ७०७. टीव्ही त्यातच. डब्याचं (सेट-टॉप बॉक्सचं) डिपॉझिट १,००० रुपये. मार्चमध्ये जोडणी झाली, त्यामुळे नवतपा, पावसाळा आणि कापूस वेचणी हे तिन्ही या वायरीनं पाहिले आहेत.

गेल्या दोन महिन्यांपासून गावात एकच प्रश्न आहे: हा टीव्ही राहणार की जाणार? नवीन जोडणी घेणाऱ्याला इंटरनेट लगेच मिळतं, डबा मात्र ‘स्टॉकमध्ये नाही’. एकाच समूहाची सगळी चॅनेलं एका रात्रीत गेली आणि परत आली नाहीत. कॉल सेंटरवाले म्हणतात सेवा सुरू आहे. वायरवाला म्हणतो, ‘भाऊ, आम्हाले वरून काहीच सांगितलं नाही.’ अशा वेळी सेवा सोडावी का? आमचं मत: सोडू नका, पण पैसे महिन्याचेच भरा आणि स्लॅबवरची जुनी छत्री (डिश) भंगारात देऊ नका.

आधी सेवेचं चांगलं ते सांगतो. पावसात छत्रीचं चित्र जातं, तसं इथे जात नाही. आषाढातल्या झडीत शेजारची डीटीएच जोडणी वारंवार अडकत होती, फायबरवर चित्र स्थिर होतं. एचडी चॅनेल साधारण ५ एमबीपीएस घेतं, म्हणजे तासाला सव्वादोन जीबी. पण डब्यावरचा टीव्ही वेगळ्या वाटेनं येतो आणि प्लॅनच्या डेटात मोजला जात नाही. तेच चॅनेल मोबाइलच्या अ‍ॅपवर पाहिलं तर मोजलं जातं, शिवाय डब्यापेक्षा वीस-तीस सेकंद मागे असतं. क्रिकेट पाहणाऱ्याला हा फरक लगेच कळतो, शेजारच्या घरातली आरोळी आधी ऐकू येते.

डबा शक्यतो लॅन केबलनं जोडा. जोडणी देणारे पोरं घाईत वायफायवर लावून जातात. टीव्हीचा प्रवाह मल्टिकास्ट असतो, म्हणजे एकच धार सगळ्या घरांना वाटलेली. वायफाय अशी धार सगळ्यात मंद वेगानं पाठवतं आणि हवेत हरवलेला तुकडा पुन्हा मागत नाही. म्हणून यूट्यूब गुळगुळीत चालतं आणि टीव्हीवर चौकोन पडतात. दहा मीटर कॅट-६ केबल टाकली की नव्वद टक्के तक्रार संपते.

आता मुख्य मुद्दा. चॅनेल गेलं की गावात लगेच ‘कंपनी बंद झाली’ अशी आवई उठते. पण चॅनेल जाण्याची तीन वेगवेगळी कारणं आहेत आणि ती घरबसल्या ओळखता येतात.

पहिलं, वायरीचं. भिंतीवरच्या ओएनयूवर (फायबर येऊन लागते त्या मोडेमवर) ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही. मग इंटरनेटही बंद असतं. पण लाल दिवा म्हणजे वायर तुटलीच असं धरू नका. वीज गेली की घरचा ओएनयू आपण बॅटरीवर चालवतो, ऑपरेटरच्या खोलीतलं मशीन मात्र त्याचा इन्व्हर्टर उतरल्यावर बंद पडतं, आणि तेव्हाही इथे तोच लाल दिवा लागतो. पूर्ण गल्लीत लाल असेल तर ऑपरेटरची वीज गेली आहे किंवा मागची मुख्य वायर तुटली आहे. एकट्या तुमच्याकडे असेल तर तुमचा ड्रॉप (खांबावरून घरात येणारी वायर) तुटला आहे. आमच्याकडे तुटण्याची कारणं ठरलेली आहेत: खांबावरून घरावर येताना सैल सोडलेली वायर वानरं ओढतात, आणि वेचणीच्या दिवसांत गाठोड्यांनी उंच भरलेली ट्रॉली रस्त्यावर लोंबणारी वायर घेऊन जाते. वायर रस्ता ओलांडत असेल तर ती जमिनीपासून साडेपाच मीटर उंच ताणून घ्या आणि दोन्ही टोकांना क्लॅम्प मागा. नुसती गाठ मारून घेऊ नका, गाठीत वाकलेल्या काचेतून प्रकाश गळतो.

लाल दिवा नाही पण चित्र दुपारी फुटतं आणि रात्री सुधारतं, असं मे महिन्यात झालं तर जोड तपासा. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ उघडा (पत्ता आणि पासवर्ड ओएनयूच्या तळाच्या स्टिकरवर असतो) आणि ऑप्टिकल माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे घरी पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद पाहा; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे १८ ते उणे २४ डीबीएम असेल तर उत्तम. उणे २५च्या पलीकडे गेलं की सावध व्हा, कारण नेहमीच्या ओएनयूची मर्यादा उणे २७ असते. आमच्या गल्लीत सकाळी उणे २४.१ आणि दुपारी तीनला उणे २६.८ असा आकडा दिसत होता. दोष टिनाच्या छपराखाली बसवलेल्या फास्ट कनेक्टरचा निघाला. हा कनेक्टर दाबून बसवतात, आत काचेच्या दोन टोकांमध्ये जेल असतं. तापून जेल सुकतं, टोकं सरकतात. तो काढून मशीननं स्प्लाइस करून घेतला (काचेची टोकं वितळवून जोडली) आणि आकडा उणे २१.६ वर आला. लाईनमन ‘नवा कनेक्टर टाकतो’ म्हणाला तर स्प्लाइसचाच आग्रह धरा. आणि हिरव्या टोकाचा कनेक्टर निळ्या सॉकेटात खुपसू देऊ नका. हिरव्याचं तोंड आठ अंश तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. दोघं एकमेकांना नीट टेकत नाहीत.

दुसरं कारण सेटिंगचं. इंटरनेट व्यवस्थित आहे आणि एकही चॅनेल लागत नाही, तर टीव्हीची वेगळी वाट ओएनयूवर पुसली गेली आहे. ओएनयू रिसेट केल्यावर किंवा बदलल्यावर हे हमखास होतं. बऱ्याच ठिकाणी टीव्ही ठराविक लॅन पोर्टलाच बांधलेला असतो, त्यामुळे सफाई करताना केबल शेजारच्या भोकात गेली तरी डबा काळा पडतो. जोडणी झाल्या दिवशीच त्या पोर्टवर रंगीत टेप लावा. याच प्रकारातली आणखी एक खूण फार उपयोगाची आहे: चॅनेल छान लागतं आणि चार-सव्वाचार मिनिटांनी गोठतं, बदलून परत आलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतं. हे २६० सेकंदांचं गणित आहे. ‘हे घर अजून चॅनेल पाहतंय का’ अशी विचारणा (तिच्या पद्धतीला आयजीएमपी म्हणतात) नेटवर्कनं दर १२५ सेकंदांनी करायची असते. ती विचारणा आलीच नाही किंवा तिचं उत्तर वर पोचलं नाही, तर २६० सेकंदांनी धार बंद होते. दोष ऑपरेटरच्या स्विचमध्ये असतो, तुमच्या डब्यात नाही. तक्रार देताना ‘टीव्ही अटकतो’ एवढंच न सांगता ‘प्रत्येक चॅनेल सव्वाचार मिनिटांनी थांबतं, आयजीएमपी तपासा’ असं लिहा. आमच्याकडे डबा दोनदा बदलून झाला होता, या एका वाक्यानंतर त्याच संध्याकाळी काम झालं.

तिसरं कारण कराराचं, आणि भविष्याचा अंदाज यावरूनच येतो. इथे टीव्ही देणारे एक नव्हे, तीन जण असतात. गावात वायर टाकणारा लोकल ऑपरेटर, इंटरनेट देणारी कंपनी, आणि चॅनेलवाल्यांशी करार केलेला वितरक. अनेकदा हा वितरक निराळी कंपनी असतो. डबा सुरू होताना पडद्यावर येणारं नाव पाहा, ते बिलावरच्या नावाहून वेगळं निघू शकतं. या साखळीतली एक कडी तुटली तर टीव्ही जातो आणि इंटरनेट सुरूच राहतं. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१७च्या नियमांनुसार चॅनेलवाला आणि वितरक यांना एकमेकांचा सिग्नल तोडण्याआधी तीन आठवड्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. म्हणजे एखादा समूह एका रात्रीत गेला असं आपल्याला वाटलं तरी आतल्या लोकांना ते कधीचं माहीत असतं. ही गोष्ट आम्हाला मनापासून खटकते. जे चॅनेल लावून घरातली म्हातारी माणसं संध्याकाळ काढतात, ते जाणार असेल तर त्यांना आधी सांगायला नको?

कराराची अडचण पडद्यावर वेगळी दिसते. वायरीच्या दोषात चित्र फुटतं किंवा ‘सिग्नल नाही’ येतं. करारात पडदा स्वच्छ असतो आणि ‘हे चॅनेल आपल्या पॅकमध्ये नाही’ अशी ओळ येते, किंवा क्रमांकच यादीतून गायब होतो. एकच चॅनेल गेलं तर घाबरू नका, क्रमांक बदलला असेल, पुन्हा शोधा. एकाच मालकाची आठ-दहा चॅनेलं एकत्र गेली तर तो पैशांचा वाद आहे, कधी मिटतो, कधी मिटत नाही. कार्यक्रम पत्रिका आठवडाभर कोरी दिसणं, नव्या प्लॅनच्या जाहिरातीतून ‘टीव्ही’ शब्द निघून जाणं आणि बिघडलेल्या डब्याच्या बदल्यात डबा न मिळणं, या तीन गोष्टी एकत्र आल्या तर सेवा आवरती घेत आहेत असं धरून चाला. आमच्याकडे सध्या तिसरी आली आहे, पहिल्या दोन नाहीत.

पैशांबाबत बिल नीट वाचा. टीव्हीची रक्कम स्वतंत्र ओळीत असेल तर टीव्ही बंद झाल्यावर ती मागता येते. ‘मोफत’ किंवा ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलं असेल तर कंपनी सरळ सांगते, इंटरनेटचे पैसे घेतले, ते सुरू आहे. वार्षिक भरणा इथेच अंगावर येतो. आमच्या प्लॅनला दहा महिन्यांच्या पैशांत बारा महिने मिळतात, म्हणजे एकदम ७,०६८ रुपये भरून १,४१४ वाचतात. कापसाचे पैसे हातात आले की हा सौदा बरा वाटतो. पण टीव्ही चौथ्या महिन्यात गेला तर उरलेले आठ महिने खासगी डीटीएचचं रिचार्ज वेगळं भरावं लागेल आणि बचत तिथेच संपेल. ज्यांना फक्त इंटरनेट हवं त्यांनी वार्षिक खुशाल भरावं.

आता छत्री. डीडी फ्री डिशला महिन्याचा खर्च नाही, सह्याद्री वाहिनी त्यावर आहे, आणि छत्री-डबा नवा घेतला तरी दोन हजारांच्या आसपास काम होतं. खासगी चॅनेलांच्या जागांचा दरवर्षी लिलाव होतो, त्यामुळे १ एप्रिलच्या सुमारास यादी बदलते. तेव्हा डब्यावर नव्यानं शोध लावा. उपग्रह जीसॅट-१५, पूर्वेकडे ९३.५ अंशांवर. दारव्हा भागातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून मोजलं तर १४१ अंशांवर आणि क्षितिजापासून ६० अंश वर आहे. ऑफसेट छत्री (जिचा दांडा मधोमध नसून खालच्या कडेला असतो) दिसायला तेवढी वर पाहत नाही, म्हणून डोळ्यांच्या अंदाजानं ती फार उताणी करू नका. जुनी छत्री ८३ अंशांच्या उपग्रहाकडे लावलेली असेल तर ती २४ अंश पूर्वेकडे फिरवायची आणि पाच अंश खाली आणायची. डब्यात ११०९० व्हर्टिकल, सिंबॉल रेट २९५०० टाका, क्वालिटीची पट्टी हलेपर्यंत छत्री बोटभर बोटभर सरकवा, शेवटी एलएनबी (दांड्याच्या टोकाचं सिग्नल पकडणारं यंत्र) तिच्या खोबणीत थोडी फिरवून क्वालिटी वाढते का पाहा. आग्नेयेला कडुनिंबाची फांदी आली असेल तर आधी ती छाटा. नऊ महिने वापर नसलेल्या छत्रीची केबल बहुधा टोकाला गंजते. दोन्ही टोकं दोन-दोन इंच कापून नवे एफ कनेक्टर लावा, नाहीतर नेम बरोबर असूनही पट्टी हलत नाही.

लोडशेडिंगसाठी एक गोष्ट. ओएनयू आणि डबा दोन्ही १२ व्होल्टवर चालतात, प्रत्येकी एक अ‍ॅम्पिअरच्या आतबाहेर. २४ वॅटच्या वर झेपणारा मिनी यूपीएस घेतला तर दोन्ही एकत्र चालतात. बाजारात १२ व्होल्ट २ अ‍ॅम्पिअरचे मिळतात ते अगदी काठावर बसतात, तीन अ‍ॅम्पिअरचा घ्या. टीव्हीला मात्र इन्व्हर्टर लागतोच.

सेवा बंद व्हायची वेळ आलीच तर डबा असाच वायरवाल्याच्या हातात देऊ नका. डिपॉझिटची पावती आत्ताच शोधून ठेवा आणि तिच्यावर डब्याचा सिरियल क्रमांक आहे का पाहा. नसेल तर तळाच्या स्टिकरचा फोटो काढून कंपनीला ईमेल करा आणि नोंद मागा. परत देताना डबा, रिमोट, अ‍ॅडाप्टर आणि एचडीएमआय केबल अशा चारही वस्तू पावतीवर लिहून घ्या, कारण अ‍ॅडाप्टरच्या नावाखाली दोनशे-तीनशे रुपये कापतात. तक्रारीचा डॉकेट क्रमांक दर वेळी वहीत तारखेसह लिहा. कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, मराठीत बोलता येतं, आणि पहिला प्रश्न त्या डॉकेट क्रमांकाचाच येतो.