कुपीवरच्या लेबलाखाली दुसरं लेबल निघालं

मला दोन्ही डोळ्यांना उणे पाचचा नंबर. सातवीपासून चष्मा आहे. मे महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न होतं आणि फोटोत तरी चष्मा नको, एवढीच माझी हौस. एप्रिलमध्ये चिपळूणला एका हॉलमध्ये ‘प्रदर्शन आणि विक्री’ लागलं होतं. मेहंदीचे कोन, खोटे दागिने आणि त्यांच्याच रांगेत रंगीत कॉन्टॅक्ट लेन्सचा स्टॉल. मी तिथे फसले. लग्नसराईत माझ्यासारखीच कुणी हौसेने जाईल, तिच्यासाठी हे लिहिते आहे.

स्टॉलवाल्याने मोबाइलवर माझ्या डोळ्यांचा फोटो काढला. म्हणाला, “ताई, माप एकदम बरोबर. सगळ्यांचं सारखंच असतं.” चष्म्याचा नंबर विचारला आणि त्याच नंबरच्या मधाळ रंगाच्या लेन्सच्या दोन कुप्या हातात ठेवल्या. १८०० रुपये, फोनवरून लगेच भरले. बिल मागितलं तर म्हणे प्रदर्शनात बिल नसतं. तिथेच मागे फिरायला हवं होतं. सोबत लेन्स बुडवून ठेवायच्या सोल्यूशनची, नाव नसलेली एक पांढरी बाटली दिली. “सोल्यूशन संपलं तर पाणी उकळा, चिमूटभर मीठ टाका, झालं.”

हळदीला आठ तास, लग्नाला दहा तास लेन्स डोळ्यांत होत्या. बाटली संपली होती, म्हणून विहिरीचं पाणी उकळून त्यात मीठ घालून रात्री बुडवून ठेवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी उजवा डोळा उघडेना. पडवीतला उजेडसुद्धा सोसवेना, घळाघळा पाणी. आई म्हणाली, “गो बाय, दृष्ट लागली.” तिने मीठमोहऱ्या ओवाळल्या आणि बाबांनी तेवढ्यात रिक्षा बोलावली. ती बोलावली म्हणून माझा डोळा आज आहे.

नेत्रतज्ज्ञांनी नारिंगी कागदाची पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली आणि निळा उजेड टाकला. भावाने काढलेला फोटो माझ्याकडे अजून आहे. बुबुळाच्या कडेला तांदळाच्या कणीएवढा हिरवा ठिपका चमकतोय. ती जखम. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. त्याला प्राणवायू मुख्यतः बाहेरच्या हवेतून मिळतो. चुकीच्या मापाची लेन्स तासन्‌तास बसून राहिली की तो सोलवटतो आणि जंतूंना वाट मिळते. घरच्या मिठाच्या पाण्याने लेन्स निर्जंतुक होत नाही. साध्या पाण्यातला अकॅन्थामीबा नावाचा सूक्ष्मजीव डोळ्यात गेला तर उपचार महिनोन्‌महिने चालतात. माझा संसर्ग बॅक्टेरियाचा निघाला. गजर लावून रात्रीसुद्धा तासातासाला थेंब घातले. जखम मधोमध नव्हती म्हणून नजर वाचली, कडेला फिकट डाग राहिला आहे.

नंबरही चुकीचाच होता. चष्मा डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर पुढे असतो आणि लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे उणे पाचच्या चष्म्याला लेन्स जवळपास उणे पावणेपाचची लागते. बुबुळाचा गोलवा मशीनवर मोजून लेन्सचा आतला गोलवा, म्हणजे बेस कर्व्ह, ठरवतात, ८.४ किंवा ८.६ असा आकडा असतो. नुसत्या रंगासाठी, झीरो नंबरची लेन्स घ्यायची असली तरी हे मोजावंच लागतं. मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, कुपी आणून दाखवा. घरी कुपी धुताना लेबलाचा कोपरा सुटला. नखाने खरवडलं तर खाली दुसरं लेबल, त्यावर दोन वर्षांपूर्वी संपलेली मुदत! वरच्या लेबलावर ना आयातदाराचं नाव-पत्ता, ना परवाना क्रमांक, ना बेस कर्व्ह. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली येतात, लेन्सही त्यातच. ती दागिन्यांच्या रांगेत विकायची वस्तूच नाही.

स्टॉलवाल्याचा फोन बंद आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवली, अन्न व औषध प्रशासनाकडे अर्ज दिला. हातात पुरावा म्हणून पैसे भरल्याची नोंद आणि त्या दोन कुप्या. त्या प्रदर्शनातून तुम्ही किंवा घरातल्या कुणी लेन्स घेतल्या असतील तर आजच काढा, पण कुपी फेकू नका. लेबलाचा कोपरा नखाने उचलून बघा आणि मला कळवा. अर्ज एकत्र देऊ.