टॉमहॉक की ऑरस एलिट: ७८००एक्स३डीसाठी कोणता बी६५० बोर्ड?

एएमडीचा गेमिंग प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्स३डी घ्यायचं ठरलं, पण मदरबोर्डसाठी एमएसआयचा बी६५० टॉमहॉक वायफाय आणि गिगाबाइटचा बी६५० ऑरस एलिट एएक्स यांच्यात अडकलात, तर एफपीएसचा (गेममध्ये सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचा) विचार आधी सोडा. गेममध्ये दोन्ही सारखेच चालतात. या प्रोसेसरचा टीडीपी (उष्णतेचा ठरवलेला आकडा) १२० वॉट, आणि दोघांच्या व्हीआरएमला, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला, तो किरकोळ आहे, अगदी नागपूरच्या मे महिन्यातसुद्धा. फक्त कॅबिनेट खोलीतल्या पाण्याच्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा ओली असते, सोबत धूळही आणते.

खरा फरक स्टोरेजचा. टॉमहॉकवर सहा साटा पोर्ट (हार्ड डिस्क जोडायचे) आहेत, पण एकही एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या एसएसडीचा) जेन ५, म्हणजे पीसीआयईच्या पाचव्या पिढीचा, नाही. एलिटवर साटा चारच, मात्र एक एम.२ जेन ५ आहे. जेन ५ एसएसडी भरपूर तापते, आणि गेम उघडायला जेन ४ पेक्षा जाणवेल इतका कमी वेळ लागत नाही. त्यामुळे त्या स्लॉटसाठी जास्त पैसे मोजू नयेत. चारपेक्षा जास्त जुन्या हार्ड डिस्क असतील तर टॉमहॉक, नाहीतर जो स्वस्त मिळेल तो.

नागपूरच्या बर्डी बाजारात बोर्ड घेताना काउंटरवरच खोका उघडायला लावा. या बोर्डांच्या एएम५ सॉकेटच्या रचनेत पिना प्रोसेसरला नसून सॉकेटमध्ये असतात. झाकण उचलून मोबाईलच्या टॉर्चने तिरपं बघा. एखादी पिन वाकलेली असेल तर प्रकाश तिथे वेगळा चमकतो. घरी नेल्यावर असा बोर्ड परत करणं कठीण जातं. एलिटच्या अनेक रिव्हिजन (सुधारित आवृत्त्या) आहेत. बोर्डावर छापलेला आकडा बघा, बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) त्याच रिव्हिजनचा उतरवायचा.

बायोस मात्र अपडेट कराच. २०२३ मध्ये जास्त एसओसी व्होल्टेजमुळे (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजमुळे) काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, त्यानंतर एएमडीने १.३ व्होल्टची मर्यादा घातली. जुना स्टॉक असेल तर ती मर्यादा त्यात नसू शकते. पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून बायोसची फाइल त्यात टाका, फाइलचं नाव टॉमहॉकसाठी एमएसआय.रॉम, एलिटसाठी गिगाबाइट.बिन (इंग्रजी अक्षरांत), आणि पेन ड्राइव्ह लावून बोर्डावरचं बायोस फ्लॅशचं बटण दाबा. प्रोसेसर नसला तरी चालतं, २४ पिन आणि ८ पिन वायरी मात्र जोडलेल्या हव्यात.

रॅमच्या दोनच काड्या घ्या, ६००० वेगाची डीडीआर५, सॉकेटपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. चार लावल्या की वेग खाली आणावा लागतो. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, डीरॅमचा दिवा पेटलेला असतो. बोर्ड तेव्हा मेमरी ट्रेनिंग करत असतो, म्हणजे रॅमशी जुळवून घेत असतो, स्विच बंद करू नका.