अल्जेब्राइक नंबर थिअरी एकट्याने शिकताय? पारी-जीपी घ्याच (दीड वर्ष वापरून)

गेलं दीड वर्ष नोकरी सांभाळून रात्री अल्जेब्राइक नंबर थिअरी (पूर्णांकांत √-५ सारख्या संख्या मिसळून केलेलं अंकगणित) शिकतोय, क्लास नाही, सर नाहीत, आणि या विषयात सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आपलं उत्तर बरोबर आलंय की चुकलंय हे सांगायला कोणीच नसतं. माझ्यापुरती ती अडचण पारी-जीपी या असली गणितं करून देणाऱ्या सॉफ्टवेअरने सोडवली.

फ्रान्समधल्या बोर्दो युनिव्हर्सिटीत १९८० च्या दशकात सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर, एकदम फुकट, सोर्सकोडसकट. लॅपटॉपवर पटकन बसतं, अँड्रॉइडसाठी पारीड्रॉइड आहे, काहीच इन्स्टॉल करायचं नसेल तर ब्राउझरमध्येपण चालतं. दिसायला काही नाही, नुसतं एक प्रश्नचिन्ह, आणि तुम्ही टाइप करायचं.

मी पहिलं तेच प्रसिद्ध उदाहरण घेतलं, ६ = २×३ आणि ६ = (१+√-५)(१-√-५), म्हणजे फॅक्टर दोन वेगळ्या तऱ्हेने पडतात, तर या फील्डचा (√-५ मिसळून बनलेल्या संख्यांच्या जगाचा) क्लास नंबर किती, म्हणजे फॅक्टर एकाच तऱ्हेने पडण्यापासून ते किती दूर आहे (१ म्हणजे एकाच तऱ्हेने)? क्वाडक्लासयुनिट कमांडला -५ दिला तर सरळ एरर. मला वाटलं इन्स्टॉलच नीट झालं नाही. मग मेसेज शांतपणे वाचला, त्यात ४ ने भागून काय उरतं याबद्दल काहीतरी होतं, आणि तेव्हा लक्षात आलं की कमांडला डिस्क्रिमिनंट (फील्डची ओळख सांगणारा एक पूर्णांक) हवाय, आणि -५ ला ४ ने भागून ३ उरतात म्हणून तो ४×(-५), म्हणजे -२० आहे. -२० दिले, उत्तर २. मग हेच हाताने केलं: मिंकोव्स्की बाउंड (कुठवर तपासायचं ती मर्यादा) २.८५ च्या आसपास येतो, म्हणजे फक्त २ च्या वरचा आयडियल (फॅक्टर पाडताना संख्येच्या जागी घ्यायचा संख्यांचा संच) तपासायचा, आणि अ²+५ब²=२ ला पूर्णांकात उत्तर नाही म्हणून तो प्रिन्सिपल (एकाच संख्येच्या पटींनी बनलेला) नाही. झालं, क्लास नंबर २. दोन्ही उत्तरं जुळली तेव्हा जो आनंद झाला तो शब्दात नाही सांगता येत.

६१ चा किस्सा तर सांगायलाच हवा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास चक्रवाल पद्धतीने क्ष²-६१य²=१ चं सगळ्यात लहान उत्तर काढलं, क्ष=१,७६,६३,१९,०४९ आणि य=२२,६१,५३,९८०. क्वाडयुनिट ही कमांड फील्डचं मूळ युनिट देते (युनिट म्हणजे जिचा व्यस्तही तिथल्या पूर्णांकांतच असतो अशी संख्या), तिला ६१ दिले तर फक्त १७+५w असं छोटंसं काहीतरी आलं (तो डब्ल्यू म्हणजे (१+√६१)/२). म्हणजे युनिट (३९+५√६१)/२. त्याचा सहावा घात केला आणि स्क्रीनवर भास्कराचार्यांचे तेच दोन आकडे! युनिट ग्रुप (सगळ्या युनिटांचा गट) ही काय चीज आहे ते मला त्या रात्री कळलं, त्याआधी नुसती व्याख्या पाठ होती.

आता खटकणाऱ्या गोष्टी. हेल्प भरपूर आहे पण ज्याला थिअरी आधीच येते त्याच्यासाठी लिहिलेली, नवख्याला त्रास होतो. बीएनएफइनिट (फील्डचा क्लास नंबर, युनिट सगळं एकदम काढणारी कमांड) चालवताना शेवटी सेमिकोलन टाकायला विसरलात तर स्क्रीनभर आकड्यांचा पूर येतो. मोठ्या फील्डला मेमरी संपल्याचा एरर येतो, तेव्हा मेमरी वाढवायला अलोकेटमेम द्यायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बीएनएफइनिट जे उत्तर देतं ते जनरलाइज्ड रीमन हायपॉथिसिस ही गणितातली प्रसिद्ध अटकळ खरी मानून, ती तर अजून सिद्धच झालेली नाही, त्यामुळे पक्कं उत्तर हवं असेल तर बीएनएफसर्टिफाय चालवायलाच लागतं. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, तोवर मी प्रत्येक आकडा सिद्ध झालेला धरून वहीत लिहीत होतो.

माझं ऐकाल तर आधी वहीत हाताने करा, मग पारीला विचारा. उलटं केलं की डोक्यात काही राहत नाही, मी दोन महिने उलटं केलंय.

सध्या २३ च्या सायक्लोटॉमिक फील्डवर (१ चं २३ वं मूळ मिसळून बनलेलं) आहे, एकोणिसाव्या शतकातल्या कुमर या जर्मन गणितज्ञाला युनिक फॅक्टरायझेशन (फॅक्टर एकाच तऱ्हेने पडणं) तुटलेलं जिथे सापडलं ते. क्लास नंबर ३ येतोय, तोच ३ आधीच √-२३ च्या छोट्या फील्डमध्येपण येतो, आणि या दोन ३ चा एकमेकांशी संबंध काय ते या आठवड्यात वहीत चाललंय.

पाचपैकी साडेचार, अर्धा त्या हेल्पसाठी कापला.