सारीपाटाचे लांब फासे: नऊ महिने वापरून

गेल्या दिवाळीच्या आधी मी सारीपाटाचे दोन संच ऑनलाइन मागवले. एक शिसवी लाकडाचा, एक पितळी. दोन्हींत तीन-तीन लांब फासे. लुडोचा चौकोनी ठोकळा नाही, तर पेन्सिलीच्या तुकड्यासारखा, साधारण ७ सेंटिमीटर लांब आणि १ सेंटिमीटर जाड. टाकल्यावर तो टोकावर उभा राहत नाही, म्हणून दान फक्त चार बाजूंचं: १, २, ५ आणि ६. १ च्या समोर ६, २ च्या समोर ५. मागवण्याआधी ठिपके नीट बघा. मला आधी एक स्वस्त संच आला होता, त्यावर १-२-३-४ होते. त्या फाशांनी पोबारा कसा पाडायचा? परत पाठवला.

पोबारा म्हणजे ६, ६ आणि १, एकूण तेरा. 'त्याने पोबारा केला' असं आपण म्हणतो तो शब्द या पटावरचाच. आमच्या घरी पोबारा पडल्याशिवाय पहिली सोंगटी पटावर येत नाही. दुसरीकडे नियम वेगळा असेल, पण आमच्यात यावरून भांडणं झालेली आहेत, त्यामुळे तो बदलणार नाही.

आधी दिसण्याचं बोलू. शिसवी संच देखणा आहे. काळपट तपकिरी लाकूड, त्यावर गोलात गोल असे पांढरे ठिपके. तळहातांत घोळवले की हलका टकटक आवाज येतो आणि दान टाकल्यावर पटावर ते छान लोळतात. एकाचं वजन जेमतेम पाच-सहा ग्रॅम. पितळी फासा मात्र साठच्या आसपास भरतो. तीन हातात घेतले की पाव किलोच्या मापाची आठवण यावी. लहान मुलांच्या हातून ते पायावर पडतात (आमच्याकडे एकदा पडला, माझ्याच पायावर). शहाबादी फरशीवर टाकले तर दुपारी झोपलेलं अख्खं घर उठतं. दहा-पंधरा मिनिटं खेळलं की हाताला पितळेचा वास येतो आणि बोटं काळी होतात. पटाखाली गोधडी घातली तर आवाज कमी होतो, पण मग ते लोळत नाहीत, नुसते आपटून बसतात. म्हणून हिवाळाभर आम्ही लाकडीच वापरले आणि मी सगळ्यांना कौतुकाने दाखवत होतो.

खरी गोष्ट आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, कळली.

आखाजीला फुई (आत्या) शिरपूरहून माहेरी येते. सकाळी घागर, दुपारी खापरावरची पुरणपोळी, आणि गल्लीतले बाकीचे पुरुष पत्ते कुटत असतात तेव्हा आमच्या ओसरीवर पट मांडलेला असतो. बाहेर जळगावचं ऊन, पत्रा तापलेला, कूलर नुसताच फिरतोय. तिसऱ्या डावात फुईने फासे हातात धरले, पण टाकलेच नाहीत. म्हणाली, "हाऊ फासा खोटा शे रे भाऊ." सगळे हसले. नाना म्हणाले, खोटा असला तरी सगळ्यांनाच खोटा, मग तक्रार कसली? शिवाय साक्षात खंडोबासुद्धा म्हाळसेशी सारीपाट हरला आणि चंदनपुरीला बानाईच्या मेंढ्या राखायला गेला, तूही शिरपूरला जा. फुई हसली नाही. तिचं म्हणणं एवढंच की पोबारा इतक्यांदा पडत नसतो.

मी जळगावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात माल तपासायचं काम करतो, त्यामुळे व्हर्निअर कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) माझ्या बॅगेतच असतो. दुसऱ्या दिवशी लाकडी फासे मोजले. चौकोन नव्हताच. १ आणि ६ या बाजूंमधलं अंतर १०.१ मिलिमीटर आणि २ आणि ५ मधलं १०.८. म्हणजे १ आणि ६ असलेल्या बाजू रुंद, आणि फासा चपटा. चपटी वस्तू कुठल्या बाजूवर पडते ते सांगायला नको. वीट फेकून बघा.

गंमत अशी की यात कुणाचं एकूण दान वाढत नाही. सरळ फाशाची सरासरी ३.५. १ आणि ६ जास्त पडायला लागले तरी त्या दोघांची सरासरी ३.५ च, कारण समोरासमोरच्या बाजूंची बेरीज ७. म्हणून सहा महिने कुणाला काही खटकलं नाही. सोंगट्या नेहमीच्याच चालीने घरी जात होत्या. फरक पडला तो फक्त टोकाच्या दानांत. चारही बाजू सारख्या पडल्या तर तीन फाशांची ६४ वेगवेगळी दानं होतात, त्यांतली पोबाऱ्याची फक्त ३. पण १ आणि ६ प्रत्येकी शंभरात २५ ऐवजी ३५ वेळा पडू लागले, तर तोच पोबारा शंभर दानांत पाचाऐवजी तेरा वेळा येतो. फुईने हा हिशोब कधी मांडलेला नाही. तिने पन्नास वर्षं दानं बघितली आहेत.

फासे असे का झाले, याचा विचार करताना मला आधी बनवणाऱ्याचाच राग आला. पण पूर्ण दोष त्याचा नाही. लाकूड सुकताना सगळीकडून सारखं आकसत नाही. कापलेल्या ओंडक्यावर वर्तुळं दिसतात, त्या वर्तुळांच्या दिशेने ते जास्त आकसतं, आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने साधारण निम्मं. लाकूड पुरेसं मुरलेलं नसेल आणि त्याला आपला उन्हाळा लागला, तर चौरस कापलेली पट्टीही चपटी होते. त्यात तिन्ही फासे एकाच पट्टीतून कापलेले. रेषा एकाच दिशेच्या दिसतात, म्हणून तिघांचा कल एकाच बाजूला. वेगवेगळ्या तुकड्यांचे असते तर निदान एकमेकांच्या चुका थोड्या झाकल्या गेल्या असत्या. विकणाऱ्याला फोटो पाठवले. उत्तर आलं की हाताने बनवलेली वस्तू आहे, थोडाफार फरक असतोच. फरक असतो हे मला मान्य आहे, पण मग जाहिरातीत 'अचूक' हा शब्द कशाला?

पितळी संचही मोजला. दोन्ही अंतरांत फरक जवळजवळ नाहीच. जड, काळा करणारा, कानठळ्या बसवणारा, पण सरळ. उरलेली आखाजी आम्ही त्यानेच खेळलो आणि पोबाऱ्यासाठी पुन्हा वाट बघावी लागली. मुलांनी बंड करून बाजूला कवड्या घेऊन चल्लस-आठ मांडलं. कवडीचं पोट सपाट, पाठ फुगीर, तिच्याकडून कुणी सरळपणाची अपेक्षाच करत नाही, त्यामुळे तिथे भांडण नव्हतं.

लाकडी फासे मी दुरुस्त केले. घरी करायचं असेल तर एक सांगतो, मी इथे अडकलो होतो. जास्त अंतर २ आणि ५ मध्ये आहे, म्हणजे घासायच्या त्याच दोन बाजू. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून फासा त्यावर सरळ रेषेत घासायचा, मध्ये मध्ये मोजायचा. घासता घासता त्या बाजूंचे ठिपके निघून जातात, ते पुन्हा पाडावे लागतात. माझे ५ चे ठिपके थोडे वाकडे आलेत, बघणाऱ्याला कळतात. श्रावण लागल्यावर हवेत ओल आली तेव्हा पुन्हा मोजलं: १०.१ आणि १०.३. पावसात थोडे फुगले असणार. चालतंय.

हा शिसवी संच पुन्हा घेईन का? या किमतीला नाही. घ्यायचाच असेल तर उन्हाळ्यात घ्या, आल्या आल्या दोन्ही अंतरं मोजा, आणि परत करायची मुदत संपायच्या आत निर्णय घ्या. कॅलिपर नसेल तर दोन फासे शेजारी ठेवा, एकाची २ ची बाजू वर, दुसऱ्याची ६ ची. वरून बोट फिरवलं की पायरी लागते का ते कळतं. पितळी संच मात्र सतरंजीवर खेळणाऱ्यांनी आणि शेजाऱ्यांशी बरं असणाऱ्यांनी खुशाल घ्यावा.

मी आता अमळनेरच्या एका मिस्त्रीकडून जुन्या सागाचे फासे कापून घेतलेत. पाडलेल्या वाड्याच्या खिडकीचा गज होता. कित्येक उन्हाळे खाल्लेलं ते लाकूड आता आकसून आकसणार किती? तिन्ही फाशांत दोन्ही अंतरं १०.० ते १०.१ च्या आत आहेत. ठिपके अजून पाडलेले नाहीत. ६ च्या समोर १ येतोय ना, हे पेन्सिलीने तीनदा तपासून झालंय, चौथ्यांदा तपासून मगच ड्रिल लावणार आहे.